लेबल तीनदा वाचावे

गुरुवार, २४ नोव्हेंबर १९७७

आज पाचव्या माणसाने तीच शिफारस केली. आधी दूधवाला, मग पोस्टमन, मग समोरचे बँकेतले जयंतराव, मग शेजारची वंदना, आणि आज भाजीवाली. पापडीच्या शेंगा तोलता तोलता म्हणते, "बेन, टीव्हीमां तमारा दवाखानानुं आवे छे. जोजो हं!"

मुंबई केंद्रावर दर गुरुवारी संध्याकाळी 'खाट क्रमांक अकरा' नावाचं काहीतरी दाखवतात. इस्पितळातल्या एका वॉर्डाची गोष्ट, तेरा भागांची. आणि सुरतेतल्या आमच्या साऱ्या गल्लीचं मत असं की ती खास माझ्यासाठी काढलेली आहे. चौतीस वर्षं मी इस्पितळात काढली, त्यातली शेवटची नऊ मेट्रन म्हणून. निवृत्त झालेल्या हलवायाला कुणी जिलब्या तळताना बघायला बोलावतं का?

शाळेत मदर अ‍ॅग्नेस आम्हां मुलींकडून रोज संध्याकाळी वहीत लिहून घ्यायच्या, 'आज मी काय चुकले.' नाशिकचं कॉन्व्हेंट सुटून चाळीस वर्षं झाली, वही सुटली नाही. आता चुका बहुतेक इतरांच्या लिहाव्या लागतात, एवढाच फरक.

शुक्रवार, २५ नोव्हेंबर

काल गेले एकदाची. वंदना दारात येऊन उभीच राहिली. "मावशी, चला ना, बधा तमारी राह जुए छे." ही मुलगी सुरतेत जन्मली आणि मराठी घरात सून म्हणून आली. एकाच वाक्यात ती दोन गावं फिरून येते.

टीव्ही तिच्या सासऱ्यांचा, शालिग्रामभाऊंचा. अमळनेरहून हातमागावर काम करायला आलेला माणूस, आज लिंबायतला बारा यंत्रमागांचा मालक आहे. त्यांना साखरेचा आजार. रोज सकाळी साडेसातला मी त्यांना इन्सुलिन टोचते. रविवार नाही, दिवाळी नाही. गेल्या तीन वर्षांत एकदाही चुकवलेलं नाही.

टीव्हीला लाकडी दारं, दारांवर भरतकाम केलेला पडदा. भागीरथीबाईंनी म्हणजे त्यांच्या पत्नीने तो असा उघडला की आत देव असावा. गच्चीवर साठ फुटी पाइपाला एरियल बांधलेला. मुंबई दीडशे मैलांवर, हवा असेल तर लागते. जयंतराव वर पाइप फिरवत होते, वंदना खालून ओरडत होती, "आव्युं! आव्युं! अरे गयुं!"

आता मालिका. नर्सच्या टोपीखाली केसांत गजरा. हातांत बांगड्या, डझनभर तरी. थर्मामीटर पाऱ्याच्या बाजूने धरून ताप बघते. सलाइनची बाटली अर्धा तास टांगलेली होती, पातळी एका रेघेनेही हलली नाही. तो पेशंट तहानेने मेला असणार, पण कथेत त्याला हृदयविकार सांगितला. मी हे सगळं मोठ्याने बोलले. भागीरथीबाई डोळे पुसत होत्या. म्हणाल्या, "सिस्टर, थोडं उगी बसा ना. तो मरी राहिना."

मला अजून सगळे सिस्टर म्हणतात. मेट्रन होते मी.

चित्र फारच धुरकट. सतरंजीवर पहिल्या रांगेत बसूनही धुक्यात बांधलेलं इस्पितळ बघतोय असं वाटलं.

शुक्रवार, ९ डिसेंबर

एरियलला बूस्टर लावला. काल सगळे एकसुरात म्हणाले, "आरशासारखं दिसतंय!" मला तर मुंग्याच मुंग्या दिसत होत्या, आणि मुंग्यांच्या मागे पांढरी भुतं. ह्या लोकांनी खिशाला खार लावून वस्तू आणली आहे, म्हणून ती चांगलीच म्हणणार. मी स्पष्ट सांगितलं, बूस्टरवाल्याने फसवलं. शालिग्रामभाऊ हसून म्हणाले, "सिस्टर, आख्ख्या खोलीले दिसस, तुम्हलेच कसं नही?" त्यांना म्हटलं, ज्यांनी खरं इस्पितळ पाहिलेलं नाही त्यांना भुतंही चालतात.

हल्ली कशालाच दर्जा राहिलेला नाही. शाईत दुकानदार पाणी घालतो, लिहिलेलं फिकट राखाडी उमटतं. वर्तमानपत्राची छपाई तशीच. चाळीसचा दिवा म्हणून पंचवीसचा देतात आणि त्याच्याभोवती पिवळं वलय पडतं, साधुसंतांच्या चित्रातल्यासारखं. तांदळात खडे इतके की काल दोनदा दाताखाली आले, आणि मी निवडून घेतले होते.

सोमवार, १२ डिसेंबर

उषा आली होती. माझ्या हाताखाली शिकलेली, आता सरकारी इस्पितळात डोळ्यांच्या वॉर्डाची सिस्टर आहे. येताना पोंक, म्हणजे इकडचा हुरडा, घेऊन आली, शेव आणि लिंबासकट. चांगली मुलगी, पण आज तिने मला संताप आणला.

मी चहा गाळत होते. थोडा बशीत गेला, थोडा ओट्यावर. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, एकदा आमच्याकडे येऊन डोळे दाखवता का?"

"कुणाचे?"

"तुमचे."

"माझ्या डोळ्यांना काय झालंय? कपाचा कान तुटलाय, म्हणून सांडला."

"मॅडम, कान शाबूत आहे."

मी तिला सांगितलं, इंजेक्शन देताना तुझा हात थरथरायचा तेव्हा तुझं मनगट कुणी धरलं होतं, ते आठव. तिने ओटा पुसून टाकला. जाताना पुन्हा म्हणाली, "मोतीबिंदू असेल तर पिकायची वाट बघण्यात अर्थ नाही, हे तुम्हीच आम्हांला शिकवलंत."

शिकवलं असेन. मी त्या वॉर्डात तीन वर्षं होते. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवून माणसं आठवडाभर उताणी पडलेली असायची, खोकायचीसुद्धा बंदी. बेगमपुऱ्याची एक म्हातारी खोकली आणि डोळा गेला. असो. मला काहीही झालेलं नाही. पोंक कोवळा होता.

शुक्रवार, १६ डिसेंबर

कालचा भाग बघून अजून अंगाची आग होते आहे.

मालिकेतली ती गजरेवाली नर्स पेशंटला चुकीचं इंजेक्शन देते. कसं? तर तिच्या प्रियकराचं पत्र आलेलं, डोळ्यांत पाणी, बाटली न बघताच सुई भरते! पेशंट अत्यवस्थ. आणि बाई काय करते? बाटली पदराखाली लपवून निघून जाते. मागे सारंगी.

खोलीतल्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या, जणू मीच केलं. वंदनाने विचारलंच, "मावशी, खरेखर आवुं थाय?"

"नाही," मी म्हटलं. "कधीही नाही. लेबल तीनदा वाचायचं असतं. बाटली उचलताना, औषध भरताना, बाटली परत ठेवताना. झोपेतून उठवलं तरी नर्स तीनदा वाचते."

"आणि तरी चूक झाली तर?"

"तर ती त्याच तासाला रिपोर्ट-बुकात लिहायची. वेळ, मात्रा, सही. पदराखाली नाही लपवायची."

भागीरथीबाई नवऱ्याला म्हणाल्या, "ऐकं ना? आपली सिस्टर अशी शे, म्हनीसन मी बिनघोर राहस."

रविवार, १८ डिसेंबर

दूरदर्शनच्या मुंबई केंद्राला पत्र टाकलं. नक्कल इथे ठेवते.

'महोदय, आपल्या मालिकेने समस्त परिचारिकांचा अपमान केला आहे. चौतीस वर्षांच्या सेवेत मी अशी एकही परिचारिका पाहिली नाही, जिने लेबल न वाचता सुई भरली. आणि भरलीच असती तर तिने ती लपवली नसती. अशी बाई आमच्या पेशात असूच शकत नाही. आपण तिला पुढील भागात बडतर्फ करावे व गजऱ्यासह घरी पाठवावे. सलाइनच्या बाटलीबद्दल वेगळे लिहीन. कमलिनी गुप्ते, निवृत्त मेट्रन.'

पत्ता लिहायला वंदनाला बसवलं. माझ्या ओळी एकमेकींवर चढतात असं ती म्हणाली. हल्लीचा कागदच गुळगुळीत येतो, पेन घसरतं.

शनिवार, १४ जानेवारी १९७८

उत्तरायण. अख्खी सुरत गच्चीवर. सकाळपासून "काइपो छे!" आणि थाळ्या बडवणं. शालिग्रामभाऊंच्या एरियलमध्ये आठ पतंग अडकलेत, बूस्टरची वायर मांज्याने कापली गेली. म्हणजे या गुरुवारी सुटका, असं वाटलं, पण दुरुस्त करणारा सोमवारी येतो म्हणे.

मलाही वर नेलं. उंधियूची पातेली, जिलबी. शालिग्रामभाऊंच्या हातातली जिलबी मी काढून घेतली. वंदनाचा पतंग उंच गेला तेव्हा ती म्हणाली, "मावशी, जुओ ने, लाल!" मी म्हटलं, "दोन्ही छान आहेत." ती म्हणाली, "दोन? एकच छे ने." त्या उन्हात कुणाला नीट दिसणार?

मंगळवार, १७ जानेवारी

आज शालिग्रामभाऊ मरता मरता वाचले. नीट क्रमाने लिहिते.

जुनी इन्सुलिनची बाटली काल संपली. वासी उत्तरायणापासून, म्हणजे सणाच्या दुसऱ्या दिवसापासून, आपला नेहमीचा औषधवाला बंद, म्हणून भागीरथीबाईंनी काल स्टेशनजवळच्या दुकानातून नवी आणली. सकाळी साडेसातला मी नेहमीप्रमाणे सुई उकळली, नेहमीप्रमाणे लेबल तीनदा पाहिलं, नेहमीप्रमाणे वीस युनिट भरून टोचलं.

साडेदहाच्या सुमारास वंदना रडत आली. जाऊन बघते तर भाऊ पलंगावर घामाने चिंब, हात थरथरताहेत, बायकोला ओळखत नाहीत, काहीतरी अहिराणीत असंबद्ध बडबडताहेत. भागीरथीबाई छाती बडवत होत्या, "हार्ट अटॅक शे, हार्ट अटॅक!" मालिकेमुळे आता प्रत्येकाला फक्त हृदयविकारच होतो. मी नाडी धरली, कपाळाला हात लावला आणि सरळ साखरेचं पाणी मागितलं. गिळता येत होतं, हे नशीब. चमच्याचमच्याने पाजलं. दहा मिनिटांत डोळे जागेवर आले. मग पोळी-गूळ. बाराला उठून बसले.

रक्तातली साखर उतरली होती. म्हणजे माणूस इंजेक्शन घेऊन उपाशी राहिला. मी सगळ्यांदेखत त्यांना झापलं.

"न्याहारी केली नव्हतीत ना?"

"दोन भाकरी खाद्यात ना, सिस्टर. वांगानं भरीत बी."

"खोटं बोलू नका. पोटात दोन भाकऱ्या असत्या तर हे झालं नसतं."

"इले इचारा."

भागीरथीबाई म्हणाल्या, "खाद्यात, सिस्टर. मीच वाढ्यात."

मी म्हटलं, नवऱ्याला पाठीशी घालू नका. त्या बिचाऱ्या गुळाचा डबा उचलून आत गेल्या. संध्याकाळी भाऊंनी हात जोडले. "तुम्ही व्हतात म्हनीसन वाचनू." आता सबंध गल्लीत माझी कीर्ती झाली आहे. जयंतराव म्हणाले, हे टीव्हीवर दाखवायला हवं.

बुधवार, १८ जानेवारी

सकाळी साडेसात. सुई उकळून झाली. बाटली उचलून उलटी केली, सुई आत घातली. वंदना डबा भरता भरता जवळून गेली आणि म्हणाली, "मावशी, पहेलां तो लाल हती ने? आ तो लीली छे."

पट्टी. लीली म्हणजे हिरवी. चाळीस युनिटच्या बाटलीवर लाल पट्टी असते. ऐंशी युनिटच्या बाटलीवर हिरवी. औषध दुप्पट तीव्र. सुईच्या काचेच्या नळीवरही दोन मोजपट्ट्या असतात, एक लाल, एक हिरवी. ज्या रंगाची बाटली, त्या रंगाच्या रेघेवर भरायचं. हे मी दोनशे मुलींना शिकवलं असेल.

बाटली घेऊन अंगणात उन्हात गेले. मला पट्टी तपकिरी दिसत होती. डोळ्यांच्या अगदी जवळ आणली, तिरकी केली, शेवटी एक डोळा मिटून पाहिलं. आठ. शून्य.

म्हणजे काल चाळीस युनिट गेले होते.

परत आले तेव्हा भाऊ बाही वर करून बसले होते. म्हणाले, "काय व्हयनं, सिस्टर?" मी हिरव्या रेघेवर भरायला घेतलं. रेघा दिसेनात. काच दिसत होती, काचेतलं पाणी दिसत होतं, रेघा नव्हत्या. मी सुई ताटलीत ठेवली आणि सांगितलं, मला ताप आहे, हात थरथरतो, उषाला निरोप पाठवा. वंदनाने मला अंगावर घ्यायला घोंगडी आणून दिली.

मला ताप नाही.

लेबल मी तीनदा पाहिलं होतं. तीनदा. बाटली त्याच आकाराची होती, त्याच जागी होती. दुकानदाराने सांगायला हवं होतं. भागीरथीबाईंना वाचता येत नाही, तर वंदनाने बघायला हवं होतं.

शुक्रवार, २० जानेवारी, पहाटे

काल गुरुवार होता. ताप उतरला का म्हणून बोलवायला आले आणि धरून नेलं. बूस्टर दुरुस्त झालेला.

मला आता चित्र दिसतच नाही असं समजा. ऐकत होते. पेशंटची बायको गजरेवालीचे पाय धरून म्हणत होती, बाई, तू होतीस म्हणून माझा धनी वाचला. तिला माहीत नाही की हिनेच केलं. आणि ती गजरेवाली काय म्हणाली? "मी माझं कर्तव्य केलं."

खोलीत बायका चिडल्या. कुणी म्हणालं, हिला झोडपायला पाहिजे. तेव्हा भागीरथीबाईंनी माझा हात आपल्या मांडीवर घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "टीवीवालास्ले काय माहीत? आमनी सिस्टर अशी नही."

हात काढून घेता येईना. मालिका संपून बातम्या लागेपर्यंत तो तिथेच होता.

मदर अ‍ॅग्नेस सांगायच्या, वहीत लिहिलेलं फक्त तुम्ही आणि देव वाचता, तेव्हा खोटं लिहून काय मिळणार? मागची पानं मला वाचता येत नाहीत. पण मंगळवारी काय लिहिलं ते पाठ आहे. 'लेबल तीनदा पाहिलं.' पाहिलं असं लिहिलं. वाचलं असं लिहिलं नाही. हात कुठेतरी प्रामाणिक होता.

शुक्रवार, २० जानेवारी, सकाळ

रिपोर्ट.

पेशंट : शालिग्राम पाटील, वय ५८.
घटना : दि. १७ जानेवारी, सकाळी ७.३०.
सांगितलेली मात्रा : २० युनिट. दिलेली मात्रा : ४० युनिट.
कारण : बाटली ऐंशीची. चाळीसच्या रेघेवर भरली. लेबल वाचले नाही. हे खोडते. लेबल वाचता आले नाही. तरीही तसे सांगितले नाही.
परिणाम : साखर उतरली, शुद्ध हरपू लागली. साखरेच्या पाण्याने आराम. पेशंट व पेशंटची पत्नी यांच्यावर विनाकारण आळ.
पेशंटला कळवले : दि. २० जानेवारी, सकाळी ७.४०. उशीर : तीन दिवस.
सही : क. गुप्ते.

हेच मी त्यांच्यापुढे उभं राहून पाठ म्हटलं. उषा सुई भरत होती, ती थांबली. भागीरथीबाईंच्या हातात कणीक होती, ती तशीच. वंदना मधेच म्हणाली, "पण मावशी, बचाव्या पण तमे ज ने." मी तिला गप्प बसवलं. जो घर पेटवतो त्याने पाणी आणलं तर टाळ्या वाजवत नाहीत.

शालिग्रामभाऊ बराच वेळ बाही वर केलेला हात तसाच धरून बसले. मला वाटलं ओरडतील. ते म्हणाले, "म्हंजे मी खोटं बोलनू नव्हतू."

"नाही."

"दोन भाकरी खाद्या व्हत्यात."

"हो. वांग्याच्या भरिताशी."

"सगळ्यास्समोर खोटारडा म्हनात तुम्ही माले."

मरता मरता वाचले त्याचं काही नाही, त्या भाकऱ्यांचं लागलं होतं. मी माफी मागितली. आयुष्यात डॉक्टरांचीसुद्धा मागितली नव्हती. त्यांनी मान हलवली नाही. मी घरी आले.

सोमवार, २३ जानेवारी

तीन दिवस कुणी बोलावलेलं नाही. साडेसातला मी तयार होऊन बसते, ही सवय. पातेल्यात पाणी ठेवते, मग उकळायला काही नाही म्हणून चहा करते. उषा येऊन टोचून जाते, तिच्या चपलांचा आवाज येतो. माझ्या दारावरून जाताना ती हळू चालते. मला दया नको आहे, तिने खुशाल चपला वाजवाव्यात.

गल्लीला अजून कळलेलं नाही. म्हणजे त्या घराने कुणाला सांगितलेलं नाही. हे सहन करणं जास्त कठीण आहे.

बुधवार, २५ जानेवारी

भागीरथीबाई आल्या. आत न येता उंबऱ्यात उभ्या राहिल्या. पदर खोचलेला, पायांत चपला.

"त्यास्ले तुम्ही रोज दरडावतस. गोड नका खाऊ, दवाखानामा जा, डॉक्टरनं ऐका. दरडावतस ना?"

"हो."

"मंग आते तुम्ही चला. डोया दखाडाले."

"माझं मी बघेन."

"तुम्हले दिसत नही, तुम्ही काय बघशात?" इतक्या वर्षांत ही बाई माझ्याशी अशी कधी बोलली नव्हती. "खाले रिक्षा उभी शे. ते रिक्षामाच बसेल शेत. तुमनावर अजून राग शे त्यास्ना, पन बसेल शेत."

शालिग्रामभाऊ रिक्षात पुढे बघत बसले होते. आमच्या उधन्यापासून इस्पितळापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. उतरताना मात्र माझं कोपर धरलं. पायरी होती, मला दिसली नव्हती.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा पिकून कधीचा तयार. डॉक्टर माझ्याच काळात शिकाऊ होते, हात न धुता ड्रेसिंग करायला निघाले म्हणून मी त्यांना सर्वांदेखत परत पाठवलं होतं. आज म्हणाले, "मॅडम, तुम्ही इतके दिवस इंजेक्शनं कशी देत होतात?" मी म्हटलं, "सवयीने." त्यांनी डायरी उघडली. सात फेब्रुवारीला ऑपरेशन.

रविवार, २६ मार्च १९७८

दोन महिन्यांनी वही उघडते आहे. नाकावर भिंग म्हणावं असा जाड चष्मा आहे, जग एकदम जवळ आलेलं आणि कडेला वाकलेलं. पण रेघा दिसतात.

आठवडाभर वाळूच्या पिशव्यांमध्ये उताणी होते. दोन्ही डोळ्यांवर पट्टी. रात्रपाळीची मुलगी औषधाच्या बाटल्या आदळते, हे नोंदवून उषाला सांगितलं. भागीरथीबाई रोज आल्या. चमच्याने भरवायच्या. डोळ्यांत घालायचे थेंब दोन बाटल्यांत होते, आणि नर्स ट्रे घेऊन आली की ही अडाणी बाई तिचं मनगट धरायची. "थांब, पोरी. दखाड." मग मला सांगायची, "सिस्टर, लाल शे. सकायनी लालच शे ना?" नर्स चिडायची. मी म्हणायचे, विचारू दे तिला. तीनदा विचारू दे.

भाऊंना आता वंदना टोचते. मी समोर खुर्ची टाकून बसते. उचलताना मोठ्याने वाचायचं, भरताना मोठ्याने, ठेवताना मोठ्याने. आज ती म्हणाली, "मावशी, रोज रोज शुं? बाटली तो ए ज छे." मी तिच्याकडे नुसतं पाहिलं. ती वाचू लागली. भाऊ बाही वर करून म्हणाले, "वाच, बाई वाच. नाहीतर सिस्टर माले खोटारडा म्हनतीन." गेल्या दोन महिन्यांत त्यांनी माझी केलेली ही पहिली थट्टा.

संध्याकाळी मला मुद्दाम टीव्ही दाखवायला नेलं. मालिका संपून गेली, त्या गजरेवालीचं शेवटी काय झालं ते मी कुणाला विचारलेलं नाही. भागीरथीबाईंनी पडदा सारला, दारं उघडली. वंदना टाळ्या पिटत म्हणाली, "जुओ मावशी, आरसो!" मी चष्मा पुसून पाहिलं. मुंग्या. मुंग्याच मुंग्या, आणि मागे एक पांढरं भूत बातम्या सांगत होतं. म्हणजे बूस्टरवाल्याने फसवलंच होतं. मी हे मोठ्याने बोलले. भागीरथीबाई म्हणाल्या, "उन्ही आमनी सिस्टर परत."

घरी येऊन वहीची मागची पानं वाचली. ओळी खरंच एकमेकींवर चढल्या आहेत, एका ठिकाणी तर एकाच ओळीवर दोनदा लिहिलंय. पण शाई काळीभोर आहे. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. दुकानदाराला मी डिसेंबरात काय काय बोलले ते आठवलं. उद्या त्याच्याकडे जावं लागेल.

मुंबई केंद्राचं पाकीट फेब्रुवारीपासून ट्रंकेवर पडून होतं. वंदना वाचून दाखवत होती, मी वाचू दिलं नव्हतं. ते लिहितात, माझं पत्र त्यांना फार आवडलं, प्रेक्षकांच्या पत्रांच्या कार्यक्रमात एप्रिलमध्ये वाचून दाखवायची परवानगी हवी आहे. पूर्ण नाव व हुद्द्यासह.

उत्तर लिहिलं.

'महोदय, पत्र वाचण्यास हरकत नाही. परंतु त्यात एक दुरुस्ती करावी. "अशी बाई आमच्या पेशात असूच शकत नाही" हे वाक्य काढून टाकावे. असू शकते. दि. १७ जानेवारी रोजी मी स्वतः लेबल न वाचता दुप्पट मात्रा दिली आणि तीन दिवस लपवली. पेशंट सुखरूप आहे. त्याने दोन भाकरी खाल्ल्या होत्या. आपल्या नर्सला बडतर्फ करू नये, आधी डोळे तपासायला पाठवावे. गजऱ्याबद्दलचे माझे मत कायम आहे. सलाइनच्या बाटलीबद्दलही. कमलिनी गुप्ते, निवृत्त मेट्रन.'

पाकिटात घालण्यापूर्वी तीनदा वाचलं.